चिंबोरबेटाचा मोक्षमार्ग

अमावास्येची पहाट होती आणि खारकोंडच्या बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. रोह्याहून टेम्पो भरभरून आले होते. वरशाचं महिला मंडळ एकसारख्या जांभळ्या साड्यांत हजर होतं. गडबची पोरं एकेका मोटारसायकलवर तिघं-तिघं लादून आली होती, आणि कोलाडच्या एका हॉटेलवाल्याने तर बांधावरच वड्यांची कढई चढवली होती. समोर खाडी, खाडीपलीकडे तिवरांनी वेढलेलं चिंबोरबेट, आणि अलीकडच्या काठावर लाल गालिचा. गालिच्यावर प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत दर्याबाबा.

बाबांच्या उजव्या खांद्यावर भगवी शाल आणि डाव्या खांद्यावर हिरवी. ज्याला जो खांदा पटेल, त्याने त्या बाजूला बसावं. हिंदूंसाठी ते सिद्धपुरुष होते, मोहल्ल्यासाठी वली होते, आणि फोटो काढणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी झकास दिसत होते.

"भक्तहो, मोबाईल बंद करा!" बाबांचा पट्टशिष्य प्रदीप माईकवर ओरडला. "दर्याराजाला रेंजचा त्रास होतो! ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी मागच्या रांगेत जावं. शंकेने पाणी अडतं!"

मी मुकाट्याने मागच्या रांगेत गेलो.

बाबा उठले. पाण्याच्या कडेला जाऊन त्यांनी चिखलात त्रिशूळ रोवला, डोळे मिटले आणि घशातून असा आवाज काढला की शेजारची बगळ्यांची दोन जोडपी उडून गेली. "दर्याराजाऽऽ, मागे सऽऽर!"

आणि पाणी मागे सरू लागलं. आधी वीतभर, मग हातभर. मग चिखलातून काळे खडक डोकं वर काढू लागले आणि बघता बघता काठापासून बेटापर्यंत एक ओली, चकाकती वाट उघडी पडली. बायका रडल्या, माणसांनी चपला काढल्या. प्रदीपने दानपेटी पुढे सरकवली.

खाडीचं पाणी हे काम दिवसातून दोन वेळा करतं. पण ते गुपचूप करतं, म्हणून त्याला कोणी हार घालत नाही.

मी सुजय. पेणला माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा, पण ज्याला बघायचंच नसतं त्याच्यासाठी माझ्याकडे काच नाही. त्या पहाटे मी तिथे आलो होतो तो माझ्या इंदुआत्यामुळे. आत्या खारकोंडलाच राहते. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत. पनवेलच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, ती आत्याने परस्पर रद्द केली. का, तर बाबांनी सांगितलं होतं की दर्याने दिलेल्या वाटेवरून अनवाणी चाललं की गुडघे आपोआप भरतात.

"आत्या," मी म्हटलं, "तू लहान असताना याच वाटेने खुबे वेचायला जायचीस ना बेटावर? तूच सांगायचीस मला."

"जायचे ना. आईबरोबर जायचे."

"मग तेव्हा पाणी कोण मागे सारत होतं?"

आत्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अरे, तेव्हा ते आपोआप जायचं. आता बाबांच्या सांगण्यावरनं जातं."

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या त्याच वाटेने खुबे, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, आणून वाढल्या होत्या. भरती, ओहोटी, उधाण, भांग हे शब्द त्यांच्या तोंडात नळ आणि बादलीसारखे होते. पण आता घरातली तरणी माणसं कंपनीत शिफ्टला जातात, खुबे पेणच्या बाजारातून येतात, आणि खाडीकडे कोणी बघत असेल तर व्हॉट्सॲपवर. ओळखीची गोष्ट विसरायची आणि मग तीच चमत्कार म्हणून विकत घ्यायची, असा एकूण व्यवहार.

तेवढ्यात गर्दीच्या दुसऱ्या टोकाला हशा आणि आरडाओरड ऐकू आली. तिथे शाझिया मुकादम उभ्या होत्या. खारकोंडच्या माध्यमिक शाळेत त्या भूगोल शिकवतात. रोह्याच्या, पण नोकरीमुळे इथेच राहतात. बाबांनी त्रिशूळ रोवला त्याच वेळी मॅडमनी थोड्या अंतरावर, त्याच पाण्याच्या कडेला आपली मिटलेली काळी छत्री रोवून ठेवली होती. आता पाणी त्रिशूळापासून जेवढं लांब गेलं होतं, तेवढंच छत्रीपासूनही गेलं होतं.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "समुद्र माझ्या छत्रीचंही ऐकतो. हिच्या दोन काड्या मोडल्यात, तरी ऐकतो."

मला वाटलं, संपला बाबा. पण गर्दीचं डोकं आपल्यापेक्षा चपळ असतं. जांभळ्या साडीतली एक बाई म्हणाली, "छत्री बाबांच्या जवळ होती ना! कृपा लागली तिला पण." आणि काय सांगू, लोक चक्क छत्रीच्या पाया पडायला लागले. मॅडमना ती ओढून परत घ्यावी लागली.

प्रदीप तणतणत आला. "मॅडम, तुम्ही मुलांना शिकवा. देवाधर्मात कशाला पडता?"

"मी भूगोलातच पडलेय," मॅडम म्हणाल्या. "तुमचा देव माझ्या पाचव्या धड्यात येतो. चंद्र आणि भरती-ओहोटी."

गोष्ट इथेच थांबली असती, तर मी ती सांगितली नसती. भोळ्या माणसांनी ओहोटीला नमस्कार केला म्हणून ओहोटीचं काही बिघडत नाही. पण पुढच्या आठवड्यात गावभर फलक लागले: पौर्णिमेनंतरच्या रविवारी चिंबोरबेटावर 'मोक्षमार्ग महोत्सव'. बेटावर मांडव, आरती, महाप्रसाद. मुंबईचे एक मोठे साहेब प्रमुख पाहुणे. त्या साहेबांना बेटावर काहीतरी बांधायचं होतं. त्यांना रविवारशिवाय सवड नव्हती आणि त्यांचा हात लागल्याशिवाय आरती सुरू होणार नव्हती.

शाझिया मॅडम फलक वाचून थेट प्रदीपकडे गेल्या. मी आत्याला समजवायला गावात आलो होतो, म्हणून हे संभाषण मी स्वतः ऐकलं.

"रविवारी सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी आहे," मॅडम म्हणाल्या. "लोक तिकडून परत किती वाजता निघणार?"

"महाप्रसाद झाल्यावर."

"महाप्रसाद कधी?"

"साहेब आल्यावर."

"साहेब कधी?"

"ते काय आपल्या हातात असतं का?"

"बरं. मग हे समुद्राला कळवलंय का?"

प्रदीप हसला. "बाबा आहेत ना."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ग्रामपंचायतीत सांगून पाहिलं, पोलीस पाटलांना सांगून पाहिलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळेच म्हणाले, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मग त्या अस्लमचाचांकडे गेल्या. चाचा कुवेतहून परत आल्यापासून इंजिनच्या होडीवर मासेमारी करतात. मोहल्ल्यातल्या बाबाभक्तांशी त्यांचं पटत नाही, पण भांडतही नाहीत.

"बंद करता येत नसेल, तर निदान कोणी बुडणार नाही असं करू," मॅडम म्हणाल्या.

मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात खरी पूजा कोणी बांधली असेल तर ती त्या दोघांनी. ओहोटीच्या वेळी ते चालत बेटावर जाऊन आले, मीही सोबत होतो. वाट सरळ दिसते, पण सरळ नाही. मध्यावर एक खोलगट चर आहे, तिथला चिखल मांडीपर्यंत ओढतो. खरी कडक वाट तिला वळसा घालून खडकावरून जाते. मॅडमनी त्या वळणाला दोन्ही बाजूंनी बांबू रोवले.

"आणि भरती समोरून येत नाही," त्या मला म्हणाल्या. "बेटावर उभा असलेला माणूस समुद्राकडे बघत राहतो. पाणी आधी त्याच्या पाठीमागे, या चरीत भरतं. त्याला कळतं तेव्हा वाट गेलेली असते."

चरीजवळच्या बांबूला त्यांनी खाली लाल फडकं बांधलं. पाणी उतरत असताना जायचं, आणि फडक्याला पाणी लागायच्या आत परत फिरायचं. घरोघरी जाऊन त्यांनी हे सांगितलं. चाचांनी आणखी एका होडीवाल्याला तयार केलं. शाळेतल्या रबरी ट्यूब होडीत ठेवल्या.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "बाई चांगली हाय. पण बाबांच्या पुढं फडकं काय करणार?"

रविवार उजाडला. सकाळी पाणी उतरलं, बाबांनी नेहमीची गर्जना केली आणि दोनेकशे माणसं वाजतगाजत बेटावर गेली. आत्या माझ्या खांद्यावर भार टाकून, दर पावलाला कण्हत, अनवाणी चालली. गुडघे भरल्याचं काही दिसलं नाही. बाबांच्या गळ्यातल्या माळेला या वेळी एक बारका माईक चिकटवला होता. आरतीचे बोल दोन्ही काठांवर ऐकू जावेत, म्हणून बांधावरही कर्णे लावले होते.

बेटावर मांडव झकास होता. बुंदी झाकून ठेवली होती. फक्त साहेबांचा पत्ता नव्हता.

नऊ वाजून गेले. बाबा खुर्चीत बसले होते, पण त्यांची मान सारखी वळत होती. आजूबाजूच्यांना वाटत होतं, बाबा क्षितिजाकडे बघताहेत. ते क्षितिजाकडे बघत नव्हते. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं, तर ते लाल फडक्याकडे बघत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, या मांडवात भरतीची वेळ नेमकी ठाऊक असलेला माणूस एकच आहे, आणि तो बाबा आहे. आणि तेवढं एक वाक्य त्याला बोलता येत नाहीये. 'चला, भरती लागायची वेळ झाली' असं म्हटलं, की धंदा बुडाला. नाही म्हटलं, तर माणसं.

चाचांच्या होडीतून मॅडमची शिट्टी वाजली. "निघा! फडक्याजवळ पाणी आलंय!" वरशाचं मंडळ आधीच धास्तावलेलं होतं. त्या बायका पोरांना घेऊन उठल्या आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे आणखी काही निघाले. निम्मी माणसं गेली. निम्मी बसून राहिली.

"आत्या, चल."

"प्रसाद सोडून? बस गपचूप."

बाबा गळ्यातला माईक मुठीत झाकून प्रदीपच्या कानात काहीतरी पुटपुटले, बहुधा आवरतं घे म्हणून. प्रदीपने ते नीट ऐकलं नसावं, किंवा त्याचा स्वतःचाच बाबांवर विश्वास बसला असावा. तो माईक घेऊन किंचाळला, "भक्तहो, आनंदाची बातमी! साहेब पेणला पोचले! बाबा, फक्त अर्धा तास दर्याला थोपवून धरा!"

"थोपवा! थोपवा!" लोक ओरडू लागले. कोणीतरी बाबांच्या हातात त्रिशूळ दिला.

मी बऱ्याच लोकांचे डोळे तपासले आहेत. इतके भेदरलेले डोळे कधी बघितले नव्हते. बाबा पाण्याच्या कडेला गेले. त्रिशूळ रोवला. "दर्याराजा, थांब!" आवाज फाटला होता. एक लाट आली, त्रिशूळाला वळसा घालून पुढे गेली. दुसरी आली आणि बाबांचे घोटे भिजवून गेली. मांडवातला ढोल बंद पडला. एक म्हातारा हळूच म्हणाला, "पाणी तिरसूळाच्या अलीकडं आलं की वो."

"मी एकांतात दर्याशी बोलून येतो," बाबा म्हणाले आणि तिवरांच्या आड गेले.

थोड्या वेळाने कोणीतरी बोट दाखवलं. भगवी आणि हिरवी, दोन्ही शाली डोक्याला गुंडाळून, कफनी गुडघ्यांच्या वर धरून बाबा काठाच्या दिशेने पळत सुटले होते.

बाबा पळाले म्हटल्यावर सगळा मांडव त्यांच्यामागे धावला. ताटं उडाली, बुंदी तुडवली गेली. पुढची माणसं पाण्यात शिरलीसुद्धा. आत्याने माझा हात झटकला आणि तीही निघाली.

"मागे फिरा!" होडीत उभ्या राहून शाझिया मॅडम जीव तोडून ओरडत होत्या. "बेटावरच थांबा! बेट बुडत नाही, वाट बुडते! वर चढा!"

मी आत्याला मागून कवेत धरलं. ती मला मारत होती, रडत होती. "सोड मला, मरायचं नाय मला इथं!" पुढे गेलेल्यांपैकी काहींनी बांबू धरले आणि खडकावर उभे राहिले. बाकीचे मॅडमच्या आवाजाने मागे वळले. रोह्याच्या एका माणसाचा पाय खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर कापला गेला, एका बाईचं मनगट मोडलं. दोन्ही होड्या फेऱ्या मारू लागल्या.

आणि बाबा? घाईत त्यांनी बांबूंचं वळण सोडून सरळ वाट धरली होती. चरीच्या मध्यात ते मांडीपर्यंत रुतले. पाणी छातीला लागलं. हात वर करून ते होडीला बोलावत होते. बुडायला आलेल्या माणसाला आधी काढायचं म्हणून चाचांनी होडी तिकडे वळवली. दोर हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला.

"बाबा," चाचा शांतपणे म्हणाले, "दोन शब्द बोला ना दर्याशी. तुमचं ऐकतो तो."

"मस्करी करतोस काय रे!" बाबा किंचाळले. "भरती कुनाच्या बापाचं ऐकते काय? दोर टाक आधी, दोर टाक!"

गळ्यातला माईक अजून चालू होता. हे वाक्य बेटावरच्या मांडवात घुमलं, पलीकडच्या बांधावर घुमलं, आणि नुकत्याच गाडीतून उतरलेल्या साहेबांनीही ऐकलं म्हणतात. साहेब तसेच परत गाडीत बसले.

चाचांनी दोर टाकला. होडीत ओढून घेतल्यावर बाबा शाझिया मॅडमना म्हणाले, "मॅडम, माझं टायमिंग बरोबर होतं हो. पाहुणा उशिरा आला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबा याच खाडीत मालवाहू बार्जवर खलाशी होते. कोणत्या तिथीला पाणी कधी चढतं नि कधी उतरतं, हे त्यांना आपल्या हाताच्या रेषांसारखं पाठ होतं. काम सुटलं, तेव्हा त्यांनी तेच ज्ञान कफनी घालून विकायला काढलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. वाट तेव्हाच पूर्ण उघडी पडते. म्हणून बाबांचा चमत्कार तिथी बघून व्हायचा. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी पुरतं उतरत नाही. त्या दिवसांत बाबा मौनात असायचे. भक्त म्हणायचे, केवढी कठोर साधना!

शेवटची खेप काठाला लागली तेव्हा दुपार झाली होती. मेलं कोणी नाही. ही कृपा कोणाची, ते वेगळं सांगत नाही.

तुम्हाला वाटेल, आता लोकांनी बाबांना धरलं असेल. छे. संध्याकाळपर्यंत नवी कथा तयार होती: बाबांनी भक्तांचं मरण स्वतःवर ओढून घेतलं, म्हणून ते रुतले. पोलीस आले, पण तक्रार द्यायला कोणी पुढे होईना. प्रदीपसुद्धा खाली मान घालून बसला होता. तो खरंच फसला होता बिचारा. आपला गुरू पाण्यात पळताना बघेपर्यंत त्याला काही कळलं नव्हतं.

मग इंदुआत्या उठली. चिखलाने भरलेली साडी, सुजलेले गुडघे. माझा हात धरून ती पोलिसांच्या टेबलापर्यंत गेली.

"लिहा माझी तक्रार," ती म्हणाली. "आणि हेपन लिहा की मला ठाऊक व्हतं. माझ्या आयशीनं शिकवलं व्हतं मला, पाणी कवा येतं नि कवा जातं. तरी मी या मेल्याच्या पाया पडले. त्यानं मला फसवलं, ते खरंच. पण मी माझ्या आयशीला खोटं पाडलं, त्याचं काय?"

हवालदार लिहायचा थांबला. मग वरशाच्या मंडळातली एक बाई उठली, तिच्यामागे आणखी एक. गुन्हा नोंदवला गेला. आत्याने दुसऱ्या दिवशी पनवेलच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला.

पुढच्या पौर्णिमेला शाझिया मॅडमनी गावातल्या सगळ्यांना शाळेच्या पटांगणात बोलावलं. चंद्र पाण्याला कसा ओढतो, तो रोज थोडा उशिरा का उगवतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही रोज थोडी उशिरा का येते, हे एक कंदील आणि दोन चेंडू घेऊन दाखवलं. म्हाताऱ्या बायका मध्येच त्यांना थांबवून खुब्यांच्या गोष्टी सांगत होत्या. आत्या तर मॅडमना म्हणाली, "तुला एवढं येतं, तर मग एकदा आमच्याबरोबर चल गो, खुबे कुठं मिळतात ते दाखवते." सगळ्या हसल्या.

ही गोष्ट वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. अलिबागला कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला रोज माणसं चालत जातात, फोटो काढतात आणि भरतीच्या आत परत येतात. तिथे कोणी त्रिशूळ रोवत नाही. निसर्ग आश्चर्यकारक आहेच. त्याला नमस्कार करावासा वाटला तर जरूर करा. पण मध्ये कोणी खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला की हे माझ्यामुळे होतं, तर त्याला दोनच प्रश्न विचारा: हे तुम्ही नसताना होतं का? आणि आत्ता, आम्ही सांगू त्या वेळेला करून दाखवाल का? खरा जाणकार या प्रश्नांनी खूश होतो, समजावून सांगायला बसतो. ज्याला प्रश्न विचारलेले चालत नाहीत, जो शंका घेणाऱ्याला मागच्या रांगेत पाठवतो, त्याच्यामागून कुठेही जाऊ नका. पाण्यात तर मुळीच नाही.